सांगणारी पारबती

कुंभार पिंपळगावच्या आसपासचा मुलूख ऐकणाऱ्यांचा. रामदासांचं जन्मगाव जांब समर्थ याच घनसावंगी तालुक्यातलं. सप्त्यात पारायण, रात्री कीर्तन. ग्रंथ इथं आधी कानावर पडतो, डोळ्यांपुढं नंतर येतो. म्हणूनच की काय, कादंबरी उघडली की मी आधी बघतो : हे सांगतंय कोण?

ही सवय लावली रा. रं. बोराडे यांच्या ‘पाचोळा’नं. 1971 सालची ही कादंबरी तशी लहानच. गंगाराम शिंपी, त्याचा ताठा आणि त्यापायी विस्कटलेला संसार. पण हे सगळं सांगते त्याची बायको पारबती, तेही मराठवाड्यातल्या बायका आपापसांत बोलतात त्या बोलीत.

त्याआधी कादंबरीत खेडं नव्हतं, असं नाही. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ 1955ची. आजही ताजी वाटते. पण तिथली वाडी आपल्याला दिसते बाहेरून आलेल्या तरुण मास्तराच्या नजरेनं. माणसं बोलीत बोलतात, मास्तर प्रमाण मराठीत सांगतो. नेमाड्यांच्या ‘कोसला’नं 1963 मध्ये खानदेशातून पुण्याला गेलेल्या पोराला स्वतःचं गाऱ्हाणं स्वतःच मांडू दिलं, तो निदान कॉलेजात गेलेला. पारबतीच्या आणि वाचकाच्या मध्ये मात्र शिकलेलं कुणीच उभं नाही.

थोर कादंबरीचा प्रभाव दोन तऱ्हांनी पडतो. एक सोपी : तिची भाषा उचलायची. चार ठसकेबाज शब्द पेरले, शिव्या घातल्या की झाली ग्रामीण कादंबरी. असं पीक आपल्याकडं उदंड आलं. दुसरी तऱ्हा अवघड. ज्याला कुणी कधी विचारलं नाही, त्याच्या तोंडी गोष्ट द्यायची आणि मग गोष्टच कशी पालटते ते बघायचं. गंगारामानं सांगितलं असतं, तर ती स्वाभिमानाची कहाणी झाली असती. पारबती सांगते, तेव्हा त्या स्वाभिमानाची किंमत घरात कोण मोजतं, ते कळतं. एकदा हे कळलं की वाचक कुठलीच गोष्ट एका बाजूनं ऐकून घेत नाही. पारावरचीसुद्धा.

जिला कुणी विचारलं नाही, अशी बाई आजही आहे. उसाच्या फडात मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एकच कोयता धरतात. उचल बहुतेक त्याच्या नावावर, मोळी तिच्या डोक्यावर. घनसावंगी तालुक्यातल्या एखाद्या पोरीला उद्या यावर लिहावंसं वाटलं, तर तिनं ‘पाचोळा’ जरूर वाचावा. पण पारबतीची बोली उसनी घेऊ नये. ती त्या काळाची, त्या घरची. त्या पोरीनं एवढंच ठरवावं : वहीत जिची वेगळी नोंद नाही, तिलाच सांगू द्यायचं. कुठून सुरू करायचं, काय गाळायचं, कुणाचं नाव घ्यायचं नाही, हे मग ती सांगणारीच ठरवील.