जुनी गळाची काठी: काही टिपणं

अक्कलकुव्यात गळाची काठी म्हणजे बोटभर जाडीचा बांबू, त्याला तंगूस, खाली गळ, वर तरंगायला थर्माकोलचा तुकडा. मोडली तर दुसरी तोडायची. तिची किंमत कुणी विचारत नाही. इथल्याच जातीच्या बांबूची विलायतेत बनलेली काठी मात्र दीडशे वर्षांनी लिलावात निघते, आणि तिच्या सांध्यावरचं पितळ भिंगाखाली तपासलं जातं. गेले काही महिने मी या दुसऱ्या प्रकारच्या काठ्यांबद्दल वाचतोय. त्यातली ही टिपणं, जशी सुचली तशी.

*

विलायती काठी अख्ख्या बांबूची नसते. बांबू उभा चिरून सहा कामट्या काढायच्या, प्रत्येक कामटी 60 अंशांच्या कोनात तासून त्रिकोणी करायची, सालीची बाजू बाहेर ठेवून सहाही सरसाने चिकटवायच्या. तयार होते ती भरीव षटकोनी काठी, बुडाशी जाड, टोकाशी आगकाडीपेक्षाही बारीक. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावचा बंदुका बनवणारा सॅम्युअल फिलिप 1840च्या दशकात अशा काठ्या करू लागला. पुढे मेन राज्यातल्या हायरम लेनर्डने कामट्या तासायचं यंत्र बनवलं. इंग्लंडात 1872मध्ये ऑलनविक इथे सुरू झालेल्या हार्डी बंधूंनी 'पालाकोना' या नावाने अशा काठ्या जगभर विकल्या. हिंदुस्थानात आलेल्या साहेबांच्या सामानात हार्डीचा माल हमखास असायचा.

*

आता यातला आपला भाग. एकोणिसाव्या शतकातल्या बहुतेक काठ्यांचा बांबू कोलकात्याच्या बंदरातून जायचा, म्हणून व्यापारात त्याचं नाव 'कलकत्ता केन'. ही जात म्हणजे आपली मानवेल असं मानतात. शास्त्रीय नाव डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस. सातपुड्यात हीच उभी आहे. जवळजवळ भरीव, म्हणून पोलिसांची लाठी हिची आणि घोडदळाच्या भाल्याचा दांडाही हिचाच.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातला 'टोंकिन' बांबू आला आणि मानवेल मागे पडली. कारण साधं आहे. टोंकिनची पेरं लांब, गाठी कमी उठावदार, बांबू सरळ. मानवेलीच्या गाठी जवळजवळ, कामटी सरळ करताना कारागिराचा जीव जाई. शिवाय तिला घुण लवकर लागतो. तो स्टार्चच्या मागे येतो, म्हणूनच बांबू तोडल्यावर पाण्यात भिजत घालायची रीत आहे.

ओळखायचं कसं? कलकत्ता केनच्या काठीवर भाजल्यासारखे तपकिरी-काळे ठिपके आणि पट्टे दिसतात. ते का, याच्या कथा पुष्कळ आहेत. बांबू विस्तवावर शेकून सरळ करतात हे तर बुरुडाच्या अंगणातही दिसतं. असे डाग आणि जवळजवळ गाठी असतील, तर काठी बहुधा टोंकिनच्या आधीची.

*

मानवेलीचा एक तुकडा आडवा कापून भिंगाखाली धरला. सालीलगत काळपट ठिपक्यांची गर्दी, आत जावं तसे ठिपके विरळ, मधे नुसता फिकट गर. हे ठिपके म्हणजे तंतूंचे जुडगे, आणि काठीची ताकद त्यांतच. म्हणून कारागीर आतली बाजू तासून टाकतो आणि सालीला हात लावत नाही. जुनी काठी कुणी सँडपेपरने 'चकाचक' केली असेल, तर त्याने नेमका हाच थर खरवडलेला असतो. अशा काठीला मी रुपयासुद्धा देणार नाही.

*

बांबू आहे की लाकूड, हे आधी पाहावं. ग्रीनहार्ट या दक्षिण अमेरिकी लाकडाच्याही काठ्या होत्या. त्या गोल, गडद, बांबूपेक्षा जड. बोटांत फिरवल्यावर सहा कडा लागल्या तर बांबू.

मग तुकडे शेजारी-शेजारी लावायचे. दोन-तीन तुकड्यांच्या काठीत सहसा सगळे सारख्या लांबीचे असतात. एखादा चार बोटं आखूड असेल तर टोक मोडलंय आणि कडी पुन्हा बसवलीय. विकणारा हे सांगत नाही, आणि किंमत इथेच कोसळते. चांगल्या काठीबरोबर टोकाचे दोन तुकडे येत, कारण मोडतं ते टोकच. दोन्ही शाबूत, कापडी खोळ सोबत आणि मुठीचं बूच मूळचं असेल तर संच पुरा.

नंतर काठी जोडून डोळ्यासमोर धरायची आणि कडेच्या रेषेवरून पाहायची. कायमचा बाक, सुटलेला सरस, सांध्याजवळची चीर. सांधे जर्मन सिल्व्हरचे असले तर माल बऱ्यापैकी, पातळ पितळेचे असले तर स्वस्तातला, हा ढोबळ ठोकताळा. दर दोन-तीन इंचांवर रेशमाचे वेढे असतील तर काठी फार जुनी, पुढे चांगल्या सरसावर भरवसा बसला तसे वेढे कमी झाले. हार्डीच्या काठीवर अंक असतो आणि त्यावरून साल लावता येतं.

*

रीळ काठीपेक्षा जास्त विकलं जातं. हार्डीचं 'परफेक्ट' 1891च्या सुमाराचं, आत सुट्या गोळ्यांचं बेअरिंग. पितळी तोंडाची सुरुवातीची रिळं संग्राहकांना हवी असतात. काही जुन्या रिळांची मूठ हस्तिदंताची असते. तशी निघाली तर विकायच्या भानगडीत पडू नये, आपल्याकडे हस्तिदंताच्या व्यापाराला बंदी आहे.

*

फ्लाय म्हणजे पिसं-धागे बांधून केलेली खोटी माशी. सॅमन माशासाठीच्या विलायती फ्लायवर गालाशी एक पीस असायचं, त्यावर मीनाकारीसारखा पिवळट-पांढरा ठिपका. हे पीस आपल्या करड्या रानकोंबड्याच्या मानेचं. भारतातून या माना बेसुमार गेल्या. 1972च्या वन्यजीव कायद्यापासून हा व्यापार गुन्हा आहे. जुन्या फ्लायचं वय गळाच्या डोळ्यावरून कळतं. धातूचा डोळा नसून रेशीमकिड्याच्या तातीचा पीळदार फास असेल, तर ती साधारण 1900च्या आधीच्या धाटणीची.

*

महाराष्ट्रात ट्राउट मासा नाही, त्यामुळे त्याच्यासाठीची नाजूक काठी इथे क्वचितच निघणार. इकडच्या साहेबांचं लक्ष्य महसीर, म्हणजे आपली खडशी. कर्नल साइक्सने 1839मध्ये जिची शास्त्रीय नोंद केली ती खुद्री जात पुण्याजवळच्या मुळा-मुठेतली. नर्मदेत तिची भावंडं होती. सरदार सरोवराचं पाणी चढलं तशी मणिबेलीसारख्या गावांसमोरची वाहती नदी तळं झाली आणि खळाळतं पाणी मागणाऱ्या माशाची जागा गेली. खडशीसाठीची काठी लांब आणि दणकट, सोबत पितळी चमचे आणि मोठं रीळ. हेन्री सुलिव्हन थॉमस या मद्रासच्या अधिकाऱ्याचं 'द रॉड इन इंडिया' 1873चं, त्या काळच्या सरंजामाचा अंदाज त्यातून येतो. जुनी प्रत हाती लागली तर ती काठीपेक्षा आधी उचलावी.

*

अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी नावाच्या गावी राजवाडी होळीला साठ-सत्तर फुटांचा बांबू जंगलातून आणतात. सरळ आणि शेंड्यापर्यंत अखंड. बांबूची पारख म्हणजे काय, हे या तालुक्याला विलायतेकडून शिकायची गरज नाही.

*

सर्वांत जास्त फसवणूक होते ती जपानी पेटीत. लाकडी पेटी, आत सहा-सात तुकडे, दोन रिळं, फ्लाय. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैनिकांनी नेलेल्या या भेटवस्तू. दिसायला झकास, मासे धरायला निरुपयोगी, किंमत किरकोळ. 'ऑक्युपाइड जपान' असा शिक्का असेल तर साल 1945 ते 1952च्या दरम्यानचं. वय आणि किंमत यांचा मेळ नसतो, याचा यापेक्षा चांगला पुरावा सापडणार नाही. एव्हरेट गॅरिसनसारख्या एकांड्या कारागिराच्या विसाव्या शतकातल्या काठीला मात्र भरपूर पैसे मिळतात.

1950 अखेर अमेरिकेने चिनी मालावर बंदी घातली, टोंकिन बांबू मिळेना आणि फायबर ग्लासने बाजार घेतला. बांबूच्या काठीची हौस त्यानंतरची, टंचाईने वाढवलेली.

*

घरात, जुन्या बंगल्यात, भंगारवाल्याकडे अशी काठी दिसलीच, तर तिला वार्निश मारू नका, सांधे ओढून सोडवू नका, ओल्या खोळीत ठेवू नका. भिंतीला टेकवून उभी ठेवली की बाक येतो, आडवी ठेवा. आधी मुठीजवळची अक्षरं, अंक, रिळाचा शिक्का आणि प्रत्येक सांधा यांचे फोटो काढा, लांबी मोजा आणि मगच भावाची गोष्ट करा. शंभर वर्षांहून जुनी असेल आणि परदेशी गिऱ्हाईक मिळालं, तर 1972चा पुरावस्तू कायदा आडवा येऊ शकतो. पुरातत्त्व खात्याचा दाखला घेतल्याशिवाय ती पोस्टात टाकू नका.