पसारा कोणाचा?

शाबान लागला की आमच्या पाचोऱ्यात घरोघरी झाडलोट सुरू होते. रोजा ठेवून माळ्यावर कोण चढणार! यंदा मी ठरवलं, नुसती झाडलोट नाही, घर मोकळं करायचं. अम्मींना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, जाऊन २ वर्षं झाली. त्यांच्या मागच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नव्हती. जे नको ते त्या खोलीत, असा घराचा नियमच झाला होता.

स्वयंपाकघर एका दुपारचं काम निघालं. झाकणं नसलेले डबे, डबे नसलेली झाकणं, गेल्या उन्हाळ्यातले बिबडे. पुढची खोली त्याहून सोपी. वह्या रद्दीत गेल्या. मुलांचे लहान झालेले कपडे धुऊन, बटणं लावून दिले. फाटका कपडा देऊन आपण नक्की काय दान करतो, कोण जाणे.

जपानच्या मारी कोंडो यांचं नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. त्या सांगतात, खोलीवार आवरू नका, वस्तूंच्या प्रकाराने आवरा. आधी कपडे, मग पुस्तकं, कागदपत्रं, किरकोळ सामान आणि आठवणींच्या वस्तू अगदी शेवटी. वस्तू हातात घ्या, आनंद वाटला तरच ठेवा. मी खोलीवारच गेले आणि मागच्या खोलीत फसले.

तिथं तांब्याचा हंडा होता, बुडाला काळाकुट्ट. हातात घेतला, आनंद काही वाटला नाही. भंगारवाला दारातच होता. देऊन टाकला.

त्याच रात्री धाकट्या नणंदेचा जामनेरहून फोन आला. बोलता बोलता आवराआवरीचा विषय निघाला. ती म्हणाली, "भाभी, अम्मीचा हंडा ठेवलाय ना? ईदच्या सकाळी त्यातच पाणी तापायचं. पहिली आंघोळ कोणाची, यावरून आम्ही दोघी भांडायचो."

माझ्या तोंडून शब्द फुटेना. सकाळी फजर होताच हे भंगारवाल्याकडे गेले. माल रात्रीच ट्रकमध्ये भरून गेला होता.

भगिनींनो, माणूस जातं तेव्हा त्याच्या मागे राहिलेली सुईसुद्धा वारसांची होते. आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग वसीयत असेल तर एक तृतीयांशापर्यंत, आणि उरलेलं सगळं वाटणीचं. सूरह निसाच्या ७व्या आयतीत स्त्रियांचा हिस्सा सांगताना मालमत्ता थोडी असो वा फार, असं स्पष्ट म्हटलं आहे. आमच्याकडे एक भाऊ, दोन बहिणी. चार भागांतले दोन यांचे, एकेक नणंदांचा. म्हणजे निम्मा हंडा नणंदांचा आणि निम्मा यांचा. माझा त्यात काहीच नव्हता, आणि विकला मात्र मी. आनंद वाटतो का, याच्या आधी मी विचारायला हवं होतं, ही वस्तू कोणाची?

पुढच्या रविवारी दोघी आल्या, मोठ्या आपा धुळ्याहून. हंड्याचे पैसे समोर ठेवून मी माफी मागितली. धाकटी रडली, मग म्हणाली, जाऊ दे. मोठ्या आपा काहीच बोलल्या नाहीत. त्यांचा चहा गार झाला.

मग पेटी उघडली. गोधड्या, पानदान, अडकित्ता, तोटीचा बधना, अम्मींची नमाजची ओढणी. एका वहीत भाजीवालीचे दीडशे रुपये देणं लिहिलेलं सापडलं. ती अजून बाजारात बसते. तिचे पैसे तेव्हाच बाजूला काढले. मी यादी करत होते, ३६ वस्तू भरल्या. मोठ्या आपांनी अडकित्ता मागितला, धाकटीने बधना. "बाकी सगळं भावाला माफ," ती म्हणाली.

हे इतका वेळ गप्प होते. यांनी माझ्या हातातून पेन घेतलं आणि यादीच्या खाली लिहिलं, 'घर'.

घर अब्बांच्या नावावर आहे. त्यांना जाऊन १४ वर्षं झाली. आपल्याकडे माहेर तुटू नये म्हणून बहिणी हक्कसोडपत्रावर सही करून मोकळ्या होतात, आणि त्यांना हवं-नको कोणी विचारत नाही. आम्हीही विचारलं नव्हतं. खोलीत बराच वेळ कोणी बोललं नाही. मोठ्या आपांनी यादी हातात घेतली, खालपर्यंत वाचली आणि चष्मा काढून पुसत बसल्या.

सिटी सर्व्हेच्या उताऱ्यासाठी यांनी अर्ज दिला आहे. मागची खोली मोकळी झाली. माळा मात्र अजून तसाच आहे, तिथं अब्बांचं सामान आहे.