दोन्हीकडे पाहुणी?

परळी वैजनाथ

प्रिय स्नेहल,


तुझा मेसेज वाचला, पण उत्तर पत्रानेच देते. होस्टेलच्या मुली विचारतात, 'नाव मराठी, बोलणं मराठवाड्याचं, मग तू ख्रिश्चन कशी? गोव्याची का?' आणि तिथल्या चर्चमध्ये इंग्रजी गाणी म्हणणाऱ्या पोरींत तू गावंढळ. म्हणजे दोन्हीकडे पाहुणी.

अगं, मी जन्मभर ज्योतिर्लिंगाच्या गावात राहिले. महाशिवरात्रीला ओळखीपाळखीचे लोक आपल्याकडे उतरतात, त्यांना वैजनाथाच्या देवळापर्यंत मीच सोडून येते. त्याने माझा विश्वास तसूभर उणा झाला नाही. ज्याला आपण कोण हे ठाऊक असतं, त्याला दुसऱ्याच्या देवाची भीती वाटत नाही.

पंडिता रमाबाईंचं बघ. 1883 मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा इकडे लोक म्हणाले, बाई गेली. तिकडच्या सिस्टरांना वाटलं, आता आपण सांगू तसं वागेल. रमाबाई मात्र शाकाहारीच राहिल्या. क्रॉसवर लॅटिन अक्षरं होती, तर त्या म्हणाल्या, ही भाषा मला येत नाही, संस्कृत असू द्या. धर्माच्या बाबतीत सिस्टर जेराल्डीनशी त्यांनी पत्रांतून चांगलाच वाद घातला. येशूला धरलं म्हणून इंग्रजांनाही धरायचं, हे त्यांनी मानलं नाही. पुढे केडगावात बसून हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं, तेही साध्या बायांना कळेल अशा मराठीत.

मला मात्र लक्ष्मीबाई टिळक जास्त जवळच्या. तिच्या नवऱ्याने, टिळकांनी, 1895 मध्ये मुंबईला बाप्तिस्मा घेतला आणि ही बाई काही वर्षं त्यांच्यापासून दूर राहिली. परत आली तीही सोवळं घेऊनच. घर ख्रिस्ती माणसाचं आणि चूल हिची वेगळी! कुणी बळजबरी केली नाही. जात माणसांनीच केली, हे तिचं तिला उमगलं, आणि 1900 मध्ये तिने स्वतः बाप्तिस्मा घेतला. तिचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाच. त्यात ती स्वतःला हसते. आतून पक्कं असल्याशिवाय माणूस असं हसू शकत नाही.

आपल्या लोकांची गोष्ट आणखी अवघड आहे, ती तुझ्यापासून लपवत नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. म्हणून कितीतरी घरांत कागदावरची ओळख एक आणि रविवारची दुसरी. त्यांना भित्रं म्हणू नकोस. पोटासाठी, पोरांच्या फीसाठी माणूस पुष्कळ सोसतो. तुझ्या आजोबांनी कागदावरही 'ख्रिस्ती' लिहिलं, त्याची झळ आम्हा भावंडांना लागली. पण घरात कुणी मान खाली घालून बोलल्याचं मला आठवत नाही. आपण देवाची लेकरं, हे त्यांना तहसीलच्या दाखल्याहून खरं वाटायचं. दाखला मागावा लागतो, कधी मिळतो, कधी नाही. हे नातं आधीच मिळालेलं आहे, ते होस्टेलच्या पोरींपुढे सिद्ध करायचं तुला काय कारण?

तेव्हा इंग्रजी गाणी शिकायची तर आवडीने शीक, लाजेने नको. आणि पुन्हा कुणी विचारलंच, तर परळीची आहे, मराठी आहे, येशूला मानते, हे तिन्ही एका दमात सांग. परीक्षेची तारीख कळव.

तुझी,
आत्या