लालबागेचं फाटक आणि आमचा टीव्ही गेम

दिवाळीच्या सुट्टीत मुलाला घेऊन इंदूरला आत्याकडे गेलो होतो. होळकरांचा लालबाग राजवाडा पाहायचा, हे मुलाने आधीच ठरवलं होतं. 1886 ते 1921 एवढा काळ तो बांधला जात होता. त्याचं लोखंडी फाटक लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकाबरहुकूम इंग्लंडमध्ये ओतून, जहाजाने मुंबईला उतरवून इथे आणलं.

"म्हणजे कॉपीच की, बाबा!" मुलगा म्हणाला आणि मी थबकलो. हेच मी एकदा अप्पांना ऐकवलं होतं.

नव्वदच्या दशकात सेगाने शॉ वॉलेस कंपनीशी वितरणाचा करार केला. 80 टक्के आयात कर चुकवायचा तो मार्ग होता. तरी एका यंत्राची किंमत 18,000 रुपये! निपाणीच्या बाजारात मिळे ती निन्टेन्डोच्या 1983 सालच्या फॅमिकॉमची नक्कल. खोक्यावर '9999 खेळ', पण आत तेच दहा-बारा फिरून फिरून येत. अप्पांनी तंबाखूच्या वखारीत जादा पाळ्या करून ती आणली. मी तोंड वाकडं केलं, "ही तर नक्कल!" अप्पा एवढंच म्हणाले, "होग्ली बिडु."

वर्षभर आम्ही भावंडं त्यावरच भांडलो, खेळलो. अप्पांना 'छान आहे' म्हणायचं मात्र राहून गेलं. आता ते नाहीत.

रात्री आत्याला हे सांगितलं. ती म्हणाली, "अरे, त्याने मला पत्रात लिहिलं होतं, पोरं झोपतच नाहीत म्हणून!"