इंजिन मोठं, नळी बारीक

दांडिया बाजारातली जुनी माणसं मला ओळखतात. इतरांसाठी सांगतो: एम. एस. युनिव्हर्सिटीचा बी.कॉम., बँकेत ३६ वर्षं, त्यातली बरीचशी कर्ज विभागात. मोटारीतलं मला पेट्रोल कुठून भरायचं एवढंच कळायचं. तरी आज मोटारीवरच लिहितोय.

मागच्या उन्हाळ्यात मिशिगनला मुलाकडे होतो. नातू २१ वर्षांचा. त्याने १९८४ची पाँटिअ‍ॅक फिएरो घेतलेली. दोन सीटची गाडी, इंजिन सीटच्या मागे, पेट्रोलची टाकी दोन सीटच्या मधे. मूळ इंजिन ४ सिलिंडरचं, ९२ हॉर्सपॉवर. ते काढून साहेबांनी भंगारातल्या ग्रँड प्रीचं सुपरचार्जरवालं ३८०० व्ही-६ इंजिन आणलं, २४० हॉर्सपॉवरचं. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा, हवा कोंबणारा पंप. सुट्टीत काम करून जमवलेले सगळे पैसे त्यात गेले. मुलगा मला म्हणाला, "बाबा, तुम्हीच समजवा त्याला. मी एक डॉलर देणार नाही."

समजवायला म्हणून गॅरेजमधे गेलो आणि खुर्ची टाकून बसलो. नातू म्हणाला, "आजोबा, मूळ पंप चालणार नाही. तो जेमतेम १० पौंड दाबाचा, याला ४०च्या वर लागतो. पण मित्राने साध्या व्ही-६ फिएरोचा जुना पंप फुकट दिलाय. त्याचा दाब पुरतो. आत्ता तोच लावतो, पुढे बघू."

मी विचारलं, "दाब पुरतो, पण माल पुरतो का?"

तो गप्प झाला. म्हटलं, कागद घे. त्याने हिशेब मांडला. अशा इंजिनाला पूर्ण जोरात दर हॉर्सपॉवरमागे ताशी ०.६ पौंड पेट्रोल धरतात. २४० गुणिले ०.६ म्हणजे १४४ पौंड, ताशी साधारण ९० लिटर. सहा इंजेक्टर, प्रत्येकी २४ पौंड. पण इंजेक्टर ८० टक्क्यांवर वापरायचा, म्हणून ३० पौंडांचा हवा. "१०० टक्के का नाही?" "मग हाताशी काहीच उरत नाही, आजोबा."

त्याचं इंजेक्टरचं गणित बसत होतं, कारण ते इंजिनाबरोबरच आले होते. अडत होतं पंपाशी. सुपरचार्जर जेवढी हवा दाबतो, तेवढाच पेट्रोलचा दाबही रेग्युलेटर वाढवतो. आणि दाब वाढला की पंपातून येणारं पेट्रोल कमी होतं. म्हणजे गरज सर्वांत जास्त, तेव्हाच पुरवठा आटतो. रस्त्यावर रमतगमत चालवताना काही कळत नाही. जोरात दाबलं की हवा भरपूर, पेट्रोल अपुरं. इंजिन ठोके देतं, पिस्टन वितळतो.

हे ऐकताना मला मकरपुरा जीआयडीसीतलं एक खातं आठवलं. ८०च्या दशकात तिथल्या एका शेठना मोठ्या मशीनसाठी कर्ज दिलं. शिफारस माझी. पण कॅश क्रेडिटची मर्यादा जुनीच ठेवली, तीही माझ्याच सांगण्यावरून. वर्षभर सगळं सुरळीत. मग मोठी ऑर्डर आली आणि कच्चा माल घ्यायला पैसे नव्हते. मशीन उभं, हप्ते चालू. दोन वर्षांत कारखाना विकला. फाइलवर शेरा आहे, "व्यवस्थापन कमकुवत." अक्षर माझं.

नातवाला म्हटलं, "इंजिनाला मी पैसे दिले नसते. पंपाला देतो." ताशी २५५ लिटरचा नवा पंप घेतला. वायर जुनी बारीक असेल तर पंपाला पुरता व्होल्टेज मिळत नाही, म्हणून जाड वायर आणि रिले. ४० वर्षांच्या रबरी नळ्या काढून इंजेक्शनच्या दाबाच्या नव्या नळ्या, नवा फिल्टर. बॅटरी सोडवून, पेट्रोल उपसून, गॅरेजचं दार सताड उघडं ठेवून टाकी खालून काढली. मी टॉर्च धरला. मुलगा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

पहिल्यांदा किल्ली फिरवली तेव्हा इंजिन सुरू न करता फक्त पंप चालवला. काटा चढला आणि स्थिर राहिला. प्रत्येक जोडावर हात फिरवून पाहिला, कुठेही थेंब नाही. मग चाचणीला निघालो. मी शेजारी, मिश्रणाच्या काट्यावर डोळे लावून. पूर्ण दाबलं तरी काटा अपुऱ्या पेट्रोलच्या बाजूला सरकला नाही. मागे येऊन पाहतो तर मुलगा दारात उभा. म्हणाला, "आता मला पण एक चक्कर मारू दे."

बडोद्याला परतल्यावर त्या शेठचं घर शोधत गेलो. ते आता ऐंशीच्या पुढे. गाडीची गोष्ट सांगितली आणि म्हटलं, "शेठ, चूक तुमची नव्हती. लिमिट मी कमी ठेवलं होतं."

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "बेसो साहेब, चा मुकावुं."

चहा झाला. निघताना त्यांनी एवढंच विचारलं, नातवाची गाडी चालते ना?