काल रात्री कुठे झोपला होतात?

गेल्या महिन्यात एक निवृत्त गुरुजी रक्तदाब तपासायला आले होते. नुकतेच श्रीलंकेहून परतलेले. "डॉक्टर, एवढासा देश, पण एका दिवशी समुद्र, दुसऱ्या दिवशी चहाचे थंड डोंगर, तिसऱ्या दिवशी जंगलात हत्ती! आपल्याकडे असं कुठे आहे?"

मी हाताचा पट्टा सोडवत म्हटलं, "गुरुजी, तुम्ही आगरला राहता. एकदा गाडी काढा आणि सायवनपर्यंत जाऊन या."

ते हसले, पण मी थट्टा करत नव्हतो. हत्ती सोडले तर बाकी सगळे आपल्या तालुक्यात आहे. आगरच्या किनाऱ्यावर सुरूची झाडे, खारे वारे आणि ओहोटीला दूरवर सरकलेला समुद्र. रस्ता ओलांडला की चिकूच्या वाड्या. डहाणू स्टेशन मागे टाकून आशागड, गंजाड गाठले की भातखाचरे आणि ताड-खजुरी दिसू लागतात. चारोटीला महामार्ग आणि सूर्या नदी. कासा सोडून सायवनकडे वळलात की साग, खैर, मोह आणि समोर गंभीरगड. दीड तासाचा प्रवास. किनाऱ्यावर घामाने अंग चिकचिकते, तर आत एप्रिलची दुपार भाजून काढते आणि पौषात तिथेच शेकोटीशिवाय भागत नाही. किनाऱ्यावर वाहून येणाऱ्या जखमी सागरी कासवांवर डहाणूत उपचार होतात, आणि पूर्वेच्या जंगलात बिबट्या आहे. सरकारने १९९१ साली डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला, तो उगाच नाही.

डॉक्टर म्हणून मला मात्र या प्रवासात आणखी एक गोष्ट दिसते. जमीन बदलली की आजारही बदलतो.

किनारा: इथे कोळी बांधवांच्या पायाला पाकटाचा काटा लागतो. वेदना भयंकर असते. पाय सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवला की ती बरीच कमी होते. पाणी आधी दुसऱ्या, न दुखणाऱ्या पायावर तपासावे, नाहीतर भाजते. नंतर जखम दाखवायला आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी यावेच.

भातखाचर: लावणीच्या दिवसांत उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यात तासन्‌तास उभे राहिल्याने लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. ताप, पोटऱ्यांत असह्य दुखणे आणि लाल डोळे दिसले तर "साधा ताप" म्हणून घरी थांबू नका.

डोंगर आणि पाडे: आता माझीच एक चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात, पहाटे, किनाऱ्यावरच्या एका गावातला तरुण माझ्याकडे आला. पोटात कळा, दोन उलट्या, घसा धरलेला. आदल्या दिवशी बाहेर मासळी खाल्लेली. मी अपचन समजून इंजेक्शन दिले आणि बाकावर झोपवले. अर्ध्या तासाने तो पेंगुळलेला दिसला. रात्रभर झोप नाही, म्हणून असेल, असे मला वाटले. इतक्यात त्याची मावशी म्हणाली, "काल मित्राकडे सायवनच्या बाजूला गेला होता डॉक्टर. तिथं भुईवर झोपला, मच्छरांनी झोपूच दिलं नाही म्हणतो."

मी त्याला वर बघायला सांगितले. पापण्या उचलत नव्हत्या. त्याला पेंग आलेली नव्हती, पापण्यांचे स्नायू लुळे पडत होते. मण्यार! अंगावर दंशाची खूण शोधूनही सापडली नाही. रुग्णवाहिकेत मी स्वतः बसलो. प्रतिविष मिळाले, तीन दिवस कृत्रिम श्वास द्यावा लागला आणि तो वाचला. मावशी बोलल्या नसत्या तर काय झाले असते, हा विचार आजही नको वाटतो.

मण्यार रात्री फिरते. उंदीर, बेडूक, पाली शोधत घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दात बारीक, त्यामुळे दुखत नाही, सूजही येत नाही. तिचे विष मज्जातंतूंचा स्नायूंना जाणारा निरोप तोडते. आधी पोटदुखी, मग जड पापण्या, एकाची दोन दिसणे, बोबडे बोलणे, गिळता न येणे आणि शेवटी श्वास बंद. मज्जातंतूंच्या टोकांना एकदा इजा झाली की प्रतिविष ती उलटवू शकत नाही. म्हणून वेळ महत्त्वाची.

नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी परिसरात भूकंपाचे धक्के बसू लागले तेव्हा डहाणू-तलासरीतली कित्येक कुटुंबे रात्री घराबाहेर झोपत होती. घर अंगावर येण्याची भीती खरीच होती. पण उघड्यावर, जमिनीवर झोपणाऱ्याने सापाचाही विचार करायला हवा.

म्हणून एवढे लक्षात ठेवा:

- शक्यतो खाटेवर झोपा. मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. जमिनीवर झोपावे लागले तरी मच्छरदाणी हवीच.
- रात्री बाहेर पडताना बॅटरी घ्या.
- साप चावल्यास कापू नका, चोखू नका, दोरीने आवळू नका. हात किंवा पाय लाकडी पट्टीला बांधून स्थिर ठेवा आणि १०८ ला फोन करा.
- सरकारी रुग्णालयात प्रतिविष मोफत मिळते. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांवर एकच औषध असते. साप मारून आणण्याची गरज नाही.
- भगतावर श्रद्धा असेल तर बरे होऊन घरी आल्यावर जा. आधी रुग्णालय.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, डॉक्टरांनी विचारले नाही तरी गेल्या काही दिवसांत कुठे गेला होता, कुठे झोपलात, कुठल्या पाण्यात उतरलात, हे स्वतःहून सांगा. त्या दिवसापासून मी प्रत्येकाला हे विचारतो. लोक हसतात. हसू देत.

गुरुजींच्या केसपेपरवरही मी वरच्या ओळीत 'श्रीलंका' आणि परतल्याची तारीख लिहिली. तिथला स्थानिक हिवताप संपल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये जाहीर केले आहे, पण डेंग्यू तिथेही आहे. "दोन आठवड्यांत ताप आला तर लगेच या," मी म्हटले, "आणि आल्या आल्या श्रीलंकेचे नाव घ्या."

"आणि सायवनला जाऊन आलो तर?"

"तर सायवनचे."