बैठक

‘बैठक’ हा शब्द आपण गाण्याच्या मैफिलीला लावतो, गवंडी दगडाला लावतो, सुतार चौकटीला लावतो. बंदुकीलाही बैठक असते, हे मला माझ्या पुतणीमुळे कळले.

निपाणीहून कोल्हापूर जेमतेम चाळीस किलोमीटर. तेथल्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला विश्वविजेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले. त्या वाऱ्याने आमच्या घरीही कमी शक्तीची, परवाना न लागणारी एअर रायफल आली. तंबाखूच्या रिकाम्या वखारीत दहा मीटरांवर लक्ष्य टांगून मुलगी सराव करू लागली. स्पर्धेत दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर! उन्हाळाभर छर्रे जवळजवळ पडत. आषाढ लागला आणि ते पांगले. “काका, माझा हातच स्थिर नाही,” असे म्हणून तिने रायफल कपाटात ठेवून दिली.

गल्लीतल्या वृद्ध सुतारमामांनी दस्ता निरखला. “पोरीच्या हाताला कशाला बोल लावता? लाकूड पाणी प्यालंय.”

दमट हवेत लाकूड फुगते, कोरड्या हवेत आकसते. पोलादाला त्याचे काही नाही. स्प्रिंगच्या रायफलीत दट्ट्या झेपावताच बंदूक आधी मागे, मग पुढे हिसका खाते. दस्त्याच्या खाचेत केसभर मोकळीक असली, की प्रत्येक हिसक्यागणिक नळी नव्या जागी बसते.

दिवाळीनंतर लाकूड सुकल्यावर आम्ही कामाला लागलो. खाच पटाशीने किंचित खरवडली. पोलादाला मेणाचा पातळ हात दिला, म्हणजे ते चिकटून बसणार नाही. स्क्रूची भोके आणि चापाची जागा मातीने बुजविली. अ‍ॅराल्डाइटचे दोन्ही भाग समप्रमाणात कालवून खाचेत भरले, पोलाद हलकेच दाबून बसविले आणि पूर्ण एक दिवस हात लावला नाही. उघडले तेव्हा खाचेत पोलादाचा हुबेहूब ठसा उमटला होता. परवान्याच्या शस्त्रावर मात्र हा प्रयोग घरी करू नये. १९५९ चा शस्त्र कायदा दुरुस्तीलाही परवाना मागतो.

छर्रे पुन्हा एकत्र येऊ लागले. तिला पदक मिळेल की नाही, कोण सांगणार? पण नेम चुकला की आता ती आधी स्क्रू तपासते, मग श्वास, आणि सर्वांत शेवटी स्वतःला दोष देते. आपल्या घरोघरी हा क्रम बहुधा उलटा असतो.